आडपेठची फेरसभा

आडपेठची सभा होऊन अडीच महिने झाले होते. मंडप उतरला होता, निकाल लागला होता, सर्जेराव ढोणे आमदार झाले होते आणि त्यांच्या गाडीच्या काचेवर नवं चिन्हही चिकटलं होतं. तरी हणमंत माळवदे रोज सकाळी अकरा वाजता त्या सभेला जाऊन बसत होता.

जायला लांब नव्हतं. जिल्ह्याच्या गावात कचेरीमागे जुना बॅडमिंटन हॉल होता. जाळी काढून टाकली होती, खिडक्यांना काळा रंग दिला होता. दारात चष्मा चढवायचा, कानात बोंडं घालायची आणि आत पाऊल टाकायचं. ते पडायचं आडपेठच्या माळावर. ऊन तिरपं झालेलं. आठ हजार माणसं. धूळ एवढी की घसा आपोआप खाकरावा, आणि मग ध्यानात यावं की इथं धूळ नाही, फरशी आत्ताच पुसून घेतली आहे.

सरकारी कागदावर याला लांबलचक नाव होतं. कचेरीत सगळे फेरसभा म्हणत.

कल्पना सोपी होती. आठ हजारांच्या सभेत पाच-सहा हजार फोन असतात. कुणी भाषण टिपतो, कुणी स्वतःचंच तोंड टिपतो, आणि त्या तोंडामागे मंडपाचा खांब फुकटात येतो. वर ड्रोन फिरत असतं. निवडणूक शाखेचं चित्रीकरण पथक कोपऱ्यात उभं असतं. नव्या कायद्यानं सभेच्या आवारात झालेलं सगळं चित्रण आणि सगळा आवाज निवडणूक शाखेकडे जमा होई. आवारात शिरताना फोन तशी संमती विचारायचा, आणि न वाचता ‘होय’ दाबायची सवय तर सगळ्यांनाच होती.

यंत्र हे तुकडे जोडायचं. एकच खांब चाळीस फोनांत चाळीस बाजूंनी दिसला, की तो नेमका कुठं उभा आहे ते बोटभर अंतराच्या आत सांगता येतं. असा एकेक खांब, एकेक खुर्ची, एकेक माणूस ठेवत अख्खा माळ उभा राहायचा. जिथं कुठलाच कॅमेरा पोचला नाही तिथं यंत्र अंदाजानं भरायचं. माणसाची पाठ दिसली तर पोट कसं असेल, उजवा पाय उचलला तर डावा कुठं असेल, हे त्याला कोट्यवधी माणसं बघून ठाऊक झालेलं होतं. खरोखर टिपलेल्या भागाला कचेरीत ‘पाहिलेलं’ म्हणत, भरलेल्या भागाला ‘धरलेलं’. प्रत्येक गोष्टीची खात्री शंभरात किती, तो आकडाही मागितला की मिळे.

हिशेबाला फक्त पाहिलेलं चाले. मग धरलेलं दाखवायचंच कशाला? तर पहिल्या वर्षी दाखवलं नव्हतं. अधांतरी हात आणि अर्धी तोंडं बघून तपासनीसांना भोवळ येऊ लागली. एकजण रजेवर गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून यंत्र सगळं भरूनच दाखवायचं.

हणमंतचं काम तपासनीसाचं. जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत बत्तीस वर्षं गेलेली, निवृत्तीला पाच महिने उरलेले. उमेदवारानं खर्चाचं विवरण दिलं की ते हातात घेऊन सभेत हिंडायचं आणि मोजायचं. खुर्चीचा दर ठरलेला, मंडपाचा फुटावर, फेट्याचा नगावर, जेसीबीतून उधळलेल्या फुलांचा टोपलीवर. खर्चाची मर्यादा एक कोटी. ढोण्यांनी दाखवला होता शहाण्णव लाख. मर्यादा ओलांडल्याचं सिद्ध झालं तर आमदारकी जाऊ शकत होती.

खुर्च्या, मंडप, फेटे, फुलं हे सगळं हणमंतनं तीन दिवसांत मोजलं. एक बाब तेवढी उरली. विवरणात लिहिलं होतं, ‘सभेनंतरचं जेवण: ग्रामस्थांनी घरटी भाकरी जमा केल्या. खर्च शून्य.’ यात नवल नव्हतं. त्या भागात गावात काही मोठं कार्य असलं की प्रत्येक घरातून दहा-दहा, वीस-वीस भाकरी येतात, कोपऱ्यात आमटीची कढई चढते. स्वखुशीनं दिलेल्या भाकरीला दर लागत नाही.

ही बाब तपासायला चौथ्या दिवशी तो पंगतीच्या बाजूला गेला, आणि तिथं त्याची बायको शालन बसलेली होती.

आडपेठ तिचं माहेर. सभेच्या दिवशी, नऊ नोव्हेंबरला, ती भावाकडं गेली होती हे त्याला माहीत होतं. तोच एसटीत बसवून आला होता. पण सभेला गेली असेल, वाढायला बसली असेल, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. परत आली तेव्हा म्हणाली होती, “लई माणूस झालं होतं.” त्यानं “हं” म्हटलं होतं. दोन डिसेंबरला आंघोळ करून आली, डोकं दुखतंय म्हणाली आणि खुर्चीत बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

सभा एक तास चाळीस मिनिटांची. शालन अडतिसाव्या मिनिटाला येते आणि एकसष्टाव्या मिनिटाला भावजयीबरोबर गर्दीत जाते. तेवीस मिनिटं. पोतं पसरलेलं, त्यावर भाकरींच्या पाट्या ओळीनं, आणि ती मांडी घालून बसलेली. हिरवा काठ. कपाळावर घाम. आणि बेचाळिसाव्या मिनिटाला ती मान वर करून समोर बघते आणि हसते. कुणाकडं बघते ते कळत नाही, तिथं कुणीच नसतं. हणमंतनं ती जागा शोधून काढली. तिथं फरशीवर बसलं की ती त्याच्याकडंच बघून हसायची.

नियम साफ होता. तपासनीसाचं जवळचं माणूस दृश्यात दिसलं तर त्याच दिवशी लेखी कळवायचं. फाइल दुसऱ्याकडं जाते. हणमंतनं कळवलं नाही. जेवणाच्या बाबीसमोर ‘तपासणी बाकी’ एवढं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी परत आला.

मग रोजच आला. मंचावर ढोणे हात उंचावून बोलत असायचे, पण हणमंतला त्यांचं भाषण लांबच्या ओढ्यासारखं ऐकू यायचं. माणसं त्याच्या अंगातून आरपार जायची. वेळ तीच, ऊन तेच, एक कुत्रं त्याच जागी तसंच अंग झटकायचं. घरी स्वयंपाकघरात जायला त्याचा पाय उचलत नव्हता, आणि इथं मात्र भूकसुद्धा लागायची.

पण यालाही शेवट होता. विवरण तपासायची मुदत एकतीस जानेवारीपर्यंत. तोवर आक्षेप आला नाही तर विवरण आपोआप मंजूर. आणि मंजूर झालं की फेरसभा कायमची पुसायची, कारण त्यात हजारो लोकांचे चेहरे असतात आणि ते सरकारनं उगाच बाळगायचे नाहीत. आक्षेप आला तर सभा सीलबंद होऊन कोर्टाकडं जाते. दोन्हीकडून हणमंतला दार बंदच होतं.

अठ्ठावीस तारखेला दुपारी कचेरीसमोरच्या गाड्यावर तो चहा घेत होता. भाऊसाहेब टकले शेजारी येऊन उभे राहिले. ढोण्यांच्या खर्चाचं विवरण यांनीच भरलेलं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

“माळवदेसाहेब, आमच्या सभेला फार हजेरी लावताय,” टकले म्हणाले. “खुद्द कार्यकर्ते एवढं बसत नाहीत हो.”

“काम आहे.”

“कामच असणार. नियमानं आम्हाला कळतं ना, तपासनीस कुठल्या भागात किती वेळ होता ते. तुम्ही आपले पंगतीतनं हलायलाच तयार नाही. मी म्हटलं, मेलो, साहेबांना काहीतरी गावलं. दोन रात्री झोप नाही मला. मग आमच्याकडचं चित्रण काढून बघितलं, तिथं आहे तरी काय.” त्यांनी आवाज उतरवला. “वहिनी होत्या.”

हणमंतनं कप गाड्यावर ठेवला.

“राग मानू नका. माझी आई गेली तेव्हा मी तिचा फोन वर्षभर चार्ज करून ठेवायचो. घंटी वाजवून बघायचो. माणूस आहे म्हटल्यावर चालायचंच.” टकल्यांनी स्वतःचा चहा सांगितला. “आता ऐका. सरकारी सभा पुसली जाणार. पण चित्रण आमचंही आहे. मुंबईला आमची पोरं बसलीत, ती सगळी जोडतील. तेवीस मिनिटं कशाला? वहिनी तुमच्याशी बोलतील, तुमचं नाव घेतील. चष्मा घालून घरात बसा, कोण विचारतंय?”

“आणि मी काय करायचं?”

“काहीच नाही. तीच तर गंमत आहे. एक ओळ लिहायची. ‘जेवण: ग्रामस्थांचं, खर्च शून्य, विवरण बरोबर.’ अहो, बरोबरच आहे ते! आडपेठचा जावई तुम्ही. घरटी भाकरी तुम्हाला मी सांगायला पाहिजे?”

हणमंत ‘नाही’ म्हणाला नाही. टकल्यांनी दोघांच्या चहाचे पैसे देऊ केले. त्यानं स्वतःचे दिले.

रात्र त्यानं कशीबशी काढली. एक ओळ, आणि तीही बहुधा खरीच. यात कुणाचं काय जात होतं? सकाळी तो हॉलवर गेला तो ओळ लिहायचं ठरवूनच.

दारात निलोफर मुल्लाणी बसलेल्या होत्या. यंत्र चालवणाऱ्या त्या. पंचेचाळिशीच्या, बोलायला फटकळ, दोन पोरींना एकटीनं वाढवलेल्या.

“या भाऊ. चष्मा पुसून ठेवलाय. रोज आतनं ओला येतो तुमचा.”

त्यानं चष्मा घेतला.

“मला पहिल्या दिवसापासनं ठाऊक आहे,” त्या यंत्राकडं बघतच म्हणाल्या. “बोलले नाही. वाटलं, चार दिवस बसतील, मन हलकं होईल. तर तुम्ही मुक्कामच टाकला. एक विचारू? ती काय करतेय हो तिथं?”

“म्हणजे?”

“पंधरा दिवस तिच्या तोंडाकडं बघताय. तिच्या हाताकडं बघितलंत का एकदा तरी? आमचे हे होते, त्यांचं पण जेवताना तसंच. भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही, कारण लक्ष टीव्हीत. बाईमाणूस काय करतंय ते शेवटपर्यंत दिसत नाही तुम्हा लोकांना.”

हणमंतला राग आला. तो तसाच आत गेला आणि त्या दिवशी हट्टानं त्याच्या जागेवर न बसता शालनच्या मागं जाऊन उभा राहिला, तिच्या खांद्यावरून बघत.

बेचाळिसावं मिनिट आलं आणि गेलं. ती हसली असणार. त्याला तिचा अंबाडाच दिसला. मग तिनं पाटीतली एक भाकरी उचलली. उलटी केली. कड बोटानं दाबून बघितली. उजेडाकडं धरली. भावजयीकडं वळून काहीतरी म्हणाली. हे तो रोज ऐकत आला होता, पण त्याच्या लेखी तो तिचा आवाज होता, शब्द नव्हते. आज त्यानं मागं जाऊन पुन्हा ऐकलं.

“वैनी, ही बघ गं. हिच्यावर कुनाची बोटंच न्हाईत.”

“म्हंजे?” भावजय विचारते.

“थापलेल्या भाकरीवर बोटं उठत्यात का न्हाई? ह्यी एक बी थापलेली न्हाई. समद्या एका मापाच्या. गावातनं आलेल्या त्या तिकडं कोपऱ्यात, दोन पाट्या. ह्या टेम्पूतनं आल्यात.”

“गप बस की. खानाऱ्याला काय त्याचं?”

“खानाऱ्याला न्हाई. पर आपल्या नावावर खपवत्यात न्हवं का.”

हणमंत खाली बसला. पाट्या एकामागून एक बघत गेला. तीस-बत्तीस पाट्या, त्यांतल्या भाकरींच्या चळती ओळंब्यानं बांधल्यासारख्या सरळ. एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या. आणि कोपऱ्यात दोनच पाट्या अशा, की चळत डावीकडं कललेली, एक भाकरी मोठी, एक करपलेली, एक ज्वारीची, एक बाजरीची. आठ हजार माणसांचं जेवण होतं ते, आणि घरटी आलेलं त्यात दोन पाट्या. त्याच्या मनानं आपोआप मांडलं. थाळीचा दर सत्तर. त्या दोन पाट्या वगळल्या तरी पाच लाखांच्या वर. शहाण्णवात ते मिळवले की कोटी ओलांडत होता.

बत्तीस वर्षं लेखा शाखेत काढून, भाकरी खाऊन, हे त्याला दिसलं नव्हतं. तिला एक भाकरी हातात घेतल्यावर दिसलं होतं.

तो बाहेर आला. “मॅडम, बेचाळीस ते सत्तेचाळीस मिनिटं. यात पाहिलेलं किती?”

मुल्लाणींनी त्याच्याकडं निरखून बघितलं. “धरलेलं बंद करून दाखवू? सोसेल का?”

“करा.”

तो पुन्हा आत गेला तेव्हा माळ फाटलेला होता. मंचावरचे ढोणे तेवढे चारी बाजूंनी अखंड होते, सगळे कॅमेरे त्यांच्यावरच. बाकी माणसांच्या नुसत्या पाठी, टोप्या, कडा. मध्ये करडी पोकळी. पंगतीच्या बाजूला तर फारच थोडं उरलेलं, तिकडं कोण कशाला फोन रोखतंय?

या पाच मिनिटांत शालनला चेहरा नव्हता.

एक कान होता. गालाचा थोडा भाग. हिरवा काठ गुडघ्याजवळ. उजवा हात मात्र कोपरापासून बोटांपर्यंत पुरता, बांगड्यांसकट, कारण भावजयीनं मांडीवर ठेवलेला फोन चुकून चालू राहिला होता आणि तो नेमका वर बघत होता. त्या हातात भाकरी होती. पाट्या होत्या. आवाजही होता, अगदी जवळचा.

बेचाळिसाव्या मिनिटाला तो त्याच्या जागेवर जाऊन बसला. समोर काहीच नव्हतं. करड्या पोकळीत कान किंचित हलला, एवढंच.

“ते हसणं,” त्यानं विचारलं, “खात्री किती?”

मुल्लाणींचा आवाज कानातल्या बोंडातून आला. “अकरा. मान वर केली हे खरं. पुढचं यंत्रानं भरलंय. मान वर करून बायका बहुतेक वेळा हसतात, असं त्याला वाटतं.”

“आणि ते बोलणं?”

“अठ्ठ्याण्णव.”

कुणाकडं बघून तरी ती हसली असेल, नसेलही. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून मान वर केली असेल. कुणाला ठाऊक? टकले देणार होते ती शालन असलं सगळं करणार होती. नाव घेणार होती, हसणार होती, त्याच्या मनासारखं बोलणार होती. आणि ही समोरची, जिला तोंडसुद्धा नव्हतं, ती एकच गोष्ट बोलत होती आणि ती त्याच्या सोयीची नव्हती. आपल्या नावावर खपवत्यात. घरीसुद्धा ती अशीच बोलायची, हातातलं काम न थांबवता, आणि तो “हं” म्हणायचा.

ती ओळ लिहून सही केली तर हे बोलणं पुसलं जाणार होतं. ते पुसायला लावणारा तो स्वतः असणार होता.

बाहेर येऊन त्यानं आक्षेपाचा नमुना मागितला. मुल्लाणींनी तो पुढं सरकवला, आणि पेनही.

“भाऊ, आधी सांगते. साक्षीदार म्हणून तिचं नाव टाकलंत की नातं लिहावं लागेल. नातं लिहिलंत की तुम्ही कळवलं नव्हतं ते उघड. निवृत्तीला पाच महिने राहिलेत. पेन्शन लटकवतील.”

“आक्षेप टिकेल का?”

“तो टिकेल. पाहिलेलं यंत्रानं आहे, तुम्ही नाही.”

“मग झालं.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. टकले होते. “काय साहेब, लिहिली का ओळ?”

“लिहितोय,” हणमंत म्हणाला. “एका ओळीत बसत नाही.”

पलीकडं टकल्यांचा आवाज बदलला. “म्हणजे वहिनींना आमच्याविरुद्ध उभं करणार तुम्ही? गेलेल्या माणसाला?”

“मी नाही केलं. ती त्याच दिवशी उभी राहिली होती. मला आज कळलं.”

त्यानं फोन ठेवला आणि नमुना भरायला घेतला. अक्षर पूर्वीसारखं वळणदार येत नव्हतं. बाब: जेवण. दृश्यातली वेळ. पाट्यांची संख्या. साक्षीदाराचं संपूर्ण नाव: शालन हणमंत माळवदे. वय.

“बावन्न,” तो स्वतःशीच म्हणाला.

“सभेच्या दिवशी की आज?” मुल्लाणींनी विचारलं आणि जीभ चावली.

“दोन्ही.”

तपासनीसाशी नातं: पत्नी. त्याखाली प्रश्न होता, साक्षीदार सुनावणीस हजर राहू शकेल काय? त्यानं ‘नाही’ लिहिलं. कारण लिहायला दोन ओळी सोडलेल्या होत्या. दाखला, रेशनकार्ड, बँक, हे सगळे कागद मेहुण्यानं केले होते. हणमंत नुसत्या सह्या करत गेला होता, वर काय लिहिलंय ते न वाचता. आता पेन त्याच्या हातात होतं. मुल्लाणी उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, काळ्या रंगाच्या काचेतून काही दिसत नव्हतं तरी.

‘दोन डिसेंबर रोजी वारली,’ त्यानं लिहिलं. दुसरी ओळ रिकामीच राहिली.

सही झाली. मुल्लाणींनी कागद यंत्रापुढं धरला, शिक्क्याचा आवाज आला, पडद्यावर लाल पट्टी उमटली. आडपेठची सभा सील व्हायला दहा मिनिटं उरली होती. त्यांनी चष्मा उचलला, पदरानं पुसला आणि त्याच्यासमोर धरला.

“धरलेलं परत चालू केलंय मी. दहा मिनिटं आहेत. जाऊन या आत. कुणाला कळणार नाही.”

हणमंतनं चष्म्याकडं बघितलं. दाराच्या फटीतून आतला काळोख दिसत होता, आणि कानातून काढून ठेवलेल्या बोंडातून आठ हजार माणसांचा आवाज बारीक, मधमाश्यांसारखा येत होता.

“नको मॅडम,” तो म्हणाला. “ती कामात आहे.”